गरम इंजिन पुन्हा सुरू का होत नाही? जुन्या जोंगाच्या निमित्ताने

मे महिन्यात सकाळी सहाला माझ्याकडची जोंगा, ही जुनी लष्करी जीप, पहिल्याच सेल्फला सुरू होते. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर ओलांडून ती रामटेकच्या खिंडसी तलावापर्यंत कुरकूर न करता जाते आणि तलावाकाठच्या खडकाळ वाटेवर दोन तास हुंदडूनही घेते. दुपारी परतताना मनसरला चहासाठी गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि वीस मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवावी, तर स्टार्टर इंजिन नेहमीसारखे फिरवतो, पण इंजिन पेट घेत नाही. टपरीवर जमलेल्यांपैकी एक जण हमखास सांगतो, "भाऊ, थंडी होऊ द्या, मंग आपोआप लागते." आणि तसेच होते. पाऊण तासाने तीच गाडी काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते.

हा आजार जुन्या पेट्रोल जीप, जोंगा आणि लष्करी लिलावातून आलेल्या वन-टनर, म्हणजे एक टन ओझ्याच्या, गाड्यांच्या मालकांना चांगला ठाऊक आहे. देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजे ई-२०, मिळू लागल्यापासून त्याची चर्चा आणखी वाढली आहे. मात्र चर्चेचा शेवट बहुधा "कॉइल बदला" किंवा "डिझेल इंजिन टाका" या दोनपैकी एका सल्ल्यात होतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. या दोषाचा पुरावा उष्णतेबरोबर येतो आणि उष्णतेबरोबरच जातो. त्यामुळे गाडी रुसून बसलेली असते ती वीस-तीस मिनिटे केवळ वाट पाहण्यात घालवली, तर पुढे गॅरेजमध्ये कितीही पैसे ओतले तरी मिस्त्रीच्या हाती अंदाजाखेरीज काही लागत नाही. पोटात दुखते म्हणून दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांसमोर बसताच दुखणे थांबावे, तशी ही गत आहे.

इंजिन सुरू व्हायला लागते तरी काय?

जोंगा हे जपानी निस्सान पॅट्रोल-६० या गाडीचे जबलपूरच्या वाहन कारखान्यात, परवान्याखाली, तयार झालेले रूप आहे. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. १९६९ पासून १९९९ पर्यंत ती लष्करासाठी बनत होती. धोनीने २०१९ मध्ये एक घेतल्यापासून तरुण मुलांनाही ती माहीत झाली आहे. तिच्या मूळच्या ३,९५६ घनसेंटिमीटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनात संगणक नाही, संवेदक नाहीत आणि दोष दाखवणारा दिवाही नाही. ही अडचण वाटते, पण तपास करणाऱ्याच्या दृष्टीने ती सोयच आहे, कारण प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहता येते, नाकाने हुंगता येते आणि साध्या मीटरने मोजता येते.

अशा इंजिनाला सुरू होण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते पेटवणारी ठिणगी, आणि मिश्रण दाबून धरणारे, गळती नसलेले सिलिंडर लागतात. या सर्वांची वेळ जुळावी लागते आणि सुरुवातीला इंजिनाला पुरेशा वेगाने फिरवणारा स्टार्टर लागतो. इंजिन थंड असताना यांपैकी काहीच कमी पडत नाही, हे सकाळीच सिद्ध झालेले असते. तेव्हा आपल्यापुढचा प्रश्न अगदी अरुंद आहे: उष्णतेमुळे यांपैकी नेमके काय बिघडते?

बंद केलेले इंजिन आणखी कसे तापेल?

अनेकांना इथेच शंका येते. इंजिन बंद केले की ते थंड होऊ लागले पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. सावजी रश्श्याचे जाड बुडाचे पातेले आठवावे. गॅस बंद केल्यावरही रस्सा काही वेळ रटरटत राहतो, कारण भांड्याच्या जाड बुडात साठलेली उष्णता वर येत असते. इंजिनाचे तसेच आहे. गाडी चालू असताना पंखा हवा खेचत असतो, रेडिएटरमधून पाणी फिरत असते आणि टाकीतून येणारे ताजे पेट्रोल कार्ब्युरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, थंड ठेवत असते. किल्ली बंद करताच ही तिन्ही कामे एकदम थांबतात, पण शेकडो किलो बिडातली उष्णता तशीच असते आणि ती वाट मिळेल तिकडे सरकते. जुन्या सरळ रांगेच्या अनेक इंजिनांत कार्ब्युरेटर नेमका जळका वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर किंवा शेजारी बसवलेला असतो. परिणामी इंजिन बंद केल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटे कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप आणि त्यांना जोडणारी नळी यांचे तापमान उतरण्याऐवजी चढत राहते. चहाची वेळ नेमकी तेवढीच असते.

त्यात आपले शहर नागपूर. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि पुढे हवामान खात्याने तो यंत्राचा दोष असल्याचे सांगितले, तेव्हा साऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. बॉनेटखालचे पेट्रोल मात्र तो आकडा दर उन्हाळ्यात सहज ओलांडते.

पेट्रोल नळीतच उकळले तर

पाणी १०० अंशांना उकळते, तसा पेट्रोलचा एकच ठरलेला उत्कलनबिंदू नाही. ते अनेक द्रवांचे मिश्रण असल्यामुळे त्यातले हलके घटक साधारण ३५ अंशांपासून उडू लागतात आणि जड घटक २०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतात. नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप द्रवाऐवजी वाफ खेचू लागतो. बोअरच्या मोटारीने हवा धरली की मोटार फिरते पण नळाला पाणी येत नाही, हा अनुभव नागपुरातल्या बहुतेक घरांना असेल. हेच पेट्रोलच्या बाबतीत घडले की त्याला व्हेपर लॉक म्हणतात.

यात एक बारकावा आहे आणि तो पुढे उपयोगी पडणार आहे. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंशांच्या जवळपास उकळते. जुन्या गाडीचा यांत्रिक पंप, ज्याला मिस्त्री एसी पंप म्हणतात, तो इंजिनाला चिकटलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढण्यामुळे टाकी ते पंप या नळीतला दाब घटतो, म्हणजे तिथे कुकरच्या उलट परिस्थिती तयार होते आणि पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळते. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर यात भर पडते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले की तेल अडखळत येते, म्हणून आपण समोरासमोर दोन भोके पाडतो. टाकीच्या झाकणातले छिद्र हे ते दुसरे भोक आहे. झाकण उघडताना फुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर ते छिद्र आधी साफ करावे, बाकीचे नंतर पाहावे.

पेट्रोल कमी पडले की जास्त झाले?

उष्णतेमुळे पेट्रोलचे दोन अगदी परस्परविरुद्ध आजार होतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पहिला वर सांगितला: नळीत वाफ, त्यामुळे पुरवठा बंद. दुसऱ्यात कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून उतू जाते आणि मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या दुसऱ्या मॅनिफोल्डमध्ये झिरपते. आपले मिस्त्री याला गाडी "ओव्हर झाली" म्हणतात. इंजिनात इतके पेट्रोल साचते की हवेला जागाच उरत नाही. चुलीत एकदम फार लाकडे कोंबली की ती पेटण्याऐवजी धुमसतात, तसेच हे.

दोन्हींचे उपाय उलटे असल्यामुळे फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते. इंजिन बंद असताना एअर फिल्टरचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहावे आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने एकदा ओढावी. बारीक छिद्रातून पेट्रोलची सणसणीत पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. काहीच आले नाही किंवा नुसते फसफसले, तर वाटी रिकामी आहे. आतल्या भिंती ओल्याचिंब असतील आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर गाडी ओव्हर झाली आहे. ओव्हर झालेल्या इंजिनासाठी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरावा आणि फार तर दहा सेकंद सेल्फ मारावा. पेडल पूर्ण दाबलेले असले की हवेची वाट सताड उघडी राहते, आतली ओढ कमी होते, पेट्रोल कमी येते आणि साचलेले बाहेर पडते. घाबरून पेडल पुन्हा पुन्हा पंप करण्याची आपली सवय इथे घात करते, कारण प्रत्येक दाबाबरोबर आणखी एक पिचकारी आत जाते.

वाटी रिकामी असेल तर बॉनेट उघडे ठेवून पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे. माठाला गुंडाळलेल्या ओल्या कापडाचे तत्त्वच इथे कामाला येते. तापलेल्या मॅनिफोल्डवर मात्र पाणी पडू देऊ नये, कारण बीड तडकू शकते. रेडिएटरचे झाकणही अशा वेळी कोणी उघडू नये.

ठिणगीला उष्णता का सोसत नाही?

पेट्रोल जागेवर असूनही इंजिन पेटत नसेल, तर संशय विजेकडे जातो. बॅटरीच्या १२ व्होल्टपासून ठिणगीसाठी लागणारे हजारो व्होल्ट कॉइल तयार करते. तिच्यात एक जाड तारेचे आणि एक अतिशय बारीक तारेचे असे दोन वेटोळे असतात. प्रत्येक प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क, उघडून जाड वेटोळ्यातला प्रवाह तोडतात, त्याच क्षणी बारीक वेटोळ्यात विजेचा मोठा दाब उसळतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते. पॉइंटशेजारचा कंडेन्सर हा प्रवाह झटकन तुटावा यासाठी असतो. तो तापल्यावर गळू लागला तर पॉइंट जळतात आणि ठिणगी पिवळी, मरगळलेली होते.

आता थोडे गणित करू, कारण "कॉइल गरम झाली" या वाक्याचा अर्थ त्याशिवाय उमगत नाही. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. समजा कॉइलच्या जाड वेटोळ्याचा रोध २५ अंशांना ३ ओहम आहे. १२ व्होल्टला त्यातून ४ अँपिअर प्रवाह जाईल. कॉइल ९५ अंशांपर्यंत तापली की रोध सुमारे ३.८ ओहम होतो. त्यात सेल्फ मारताना बॅटरीचा दाब १० व्होल्टपर्यंत खाली येतो, म्हणजे प्रवाह उरतो जेमतेम २.६ अँपिअर. ठिणगीची ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती थंड कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट मिळाल्यावरच्या ऊर्जेच्या निम्म्यापेक्षाही कमी भरते. ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की यात कॉइल खराब झालेली नाही. निरोगी कॉइलचेही असेच होते. बॅटरी सुस्त असेल, अर्थिंगचा पट्टा गंजलेला असेल आणि प्लगची फट वाढलेली असेल, तर उरलीसुरली ऊर्जा पुरत नाही. म्हणूनच कॉइल बदलूनही अनेकांची गाडी सुधारत नाही. मी स्वतः एका गॅरेजच्या सल्ल्याने दोन उन्हाळ्यांत तीन कॉइल बदलल्या आहेत, आणि त्या तिन्ही आजही चांगल्या आहेत.

ठिणगी तपासायची ती गाडी रुसलेली असतानाच. जवळ एक जादा प्लग ठेवावा, तो एका प्लगच्या वायरला जोडून इंजिनाच्या कोऱ्या धातूला टेकवावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. निळसर-पांढरी, टक् टक् आवाज करणारी ठिणगी हवी. मात्र इंजिन ओव्हर झाले असेल किंवा कुठे पेट्रोल सांडले असेल, तर ही चाचणी अजिबात करू नये. वाफ पूर्ण उडेपर्यंत थांबावे.

सेल्फच हळू फिरत असेल तर

मग वरचे सर्व बाजूला ठेवावे, कारण तो वेगळा आजार आहे. मीटर बॅटरीच्या टोकांना लावून सेल्फ मारावा. दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी तपासावी, तो टिकून असेल तर केबल, अर्थिंग आणि स्टार्टर पाहावा. सकाळी तंदुरुस्त असलेले, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट न मिटल्यामुळे सिलिंडरमधला दाब गमावणारे इंजिन हाही एक प्रकार आहे. त्यासाठी कॉम्प्रेशनची चाचणी इंजिन गरम असतानाच करून घ्यावी.

"मग सारा दोष इथेनॉलचाच ना?"

हा आक्षेप हल्ली सर्वांत आधी येतो आणि त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि जोंगासारख्या गाड्या त्याच्या कित्येक दशके आधीच्या आहेत. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते, त्यामुळे ते पेट्रोलपेक्षा कमी उडणारे वाटते. परंतु पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळल्यावर ते मिश्रणाची वाफ होण्याची प्रवृत्ती वाढवते. हा परिणाम १० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असतो आणि पुढे हळूहळू उतरतो. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते. नव्या गाडीचा संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, तसा वाढत नाही, म्हणून मिश्रण पातळ पडते. सर्वांत मोठा धोका मला रबराचा वाटतो. जुन्या पंपाचा पडदा आणि जुन्या नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात, आणि चिरलेली नळी पेट्रोल गळण्याआधी हवा ओढू लागते.

तरीही ही तक्रार इथेनॉलच्या आधीपासूनची आहे. जुन्या मिस्त्रींच्या हातातले ओले फडके ई-२० बरोबर आलेले नाही. इथेनॉलने आधीच काठावर असलेल्या व्यवस्थेला धक्का दिला, इतकेच म्हणता येईल. त्याला दोष देऊन स्वस्थ बसण्यापेक्षा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पंपाचा नवा पडदा बसवणे शहाणपणाचे आहे.

"इलेक्ट्रिक पंप लावा, नाहीतर डिझेल इंजिनच टाका"

पहिला सल्ला तत्त्वतः बरोबर आहे. टाकीजवळ बसवलेला इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, नळीत दाब राहतो आणि कुकरचे तत्त्व आपल्या बाजूने काम करू लागते. पण पंप कार्ब्युरेटरला झेपेल इतक्या कमी दाबाचा हवा, आणि इंजिन बंद पडताच किंवा गाडी उलटताच तो आपोआप थांबेल अशी सोय हवीच. ती न करता पंप लावणे म्हणजे अपघातात आगीला पेट्रोल पुरवण्याची तयारी करणे होय. शिवाय ठिणगी कमजोर असेल तर या पंपाने काहीच साधणार नाही.

डिझेलबद्दल माझे मत कडू आहे. इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची रीतसर मंजुरी आणि नोंद लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते आणि तिच्या चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या जोंगा आज त्या वयात आल्या आहेत. नळीला उष्णता लागते म्हणून त्यांचे हृदयच काढून टाकणे मला पटत नाही.

माझ्या गाडीत शेवटी काय निघाले

दोन गोष्टी निघाल्या, आणि म्हणूनच निदानाला दोन उन्हाळे लागले. पहिली नळीची. पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी आधीच्या कोणा मालकाने मॅनिफोल्डला जवळजवळ खेटून नेली होती. ती बोटभर दूर सरकवून तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवल्यावर रुसण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, पण पूर्ण थांबले नाही.

दुसरी गोष्ट मनसरच्याच टपरीसमोर कळली. वीस मिनिटे नुसते थांबण्याऐवजी मी त्या दिवशी कान देऊन सेल्फ मारत होतो, तेव्हा ध्यानात आले की किल्ली फिरवून धरलेली असेपर्यंत इंजिन पेटत नाही आणि किल्ली सोडल्याच्या क्षणी मात्र एखादा ठोका पडतो. आधीच्या मालकाने बॅलास्ट लागणाऱ्या कॉइलची जोडणी करून ठेवली होती. बॅलास्ट म्हणजे चालू गाडीत कॉइलला जाणारा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब पडतो, म्हणून तेवढ्यापुरती एक वेगळी वायर स्टार्टरकडून थेट कॉइलला वीज देते आणि बॅलास्टला वळसा घालते. माझ्या गाडीत ती वायर स्टार्टरच्या सोलेनॉइडशी, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचशी, हिरव्या गंजाने खाल्ली गेली होती आणि तिचे टोक हात लावताच सुटून आले. थंड कॉइल तेवढ्या कमी दाबातही निभावून नेत होती, तापलेल्या कॉइलला ते जमत नव्हते. किल्ली सोडली की दाब पुन्हा वर येई आणि इंजिन अजून फिरत असतानाच एक ठिणगी बरी उडे, तोच तो ठोका.

याच्या उलट लक्षणही ओळखून ठेवावे. किल्ली धरून ठेवल्यावर इंजिन पेटते आणि सोडताच मरते, तेव्हा वळशाची वायर चांगली असून बॅलास्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी असते.

वायरचा तुकडा आणि नवा लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, टपरीशेजारच्या पंक्चरवाल्याकडेच मिळाला. सोलेनॉइडचा खिळा घासून कोरा केला, लग घट्ट बसवला आणि बॉनेट न लावताच सेल्फ मारला. इंजिन अजून इतके गरम होते, की हाताला चटका बसत होता.